माळ नाही, माय

दादा, रविवारी मी माईकवर बोलले.

हे तुला कुणी सांगितलं असतं तर तू पेटीचा भाता सोडून दिला असतास आणि म्हणाला असतास, "कोण? आपली कमय? काहीबी फेकून राहिला का बे?" कुणी फेकत नाही. भरल्या सभेत बोलले. माईकमधून माझाच आवाज आला तेव्हा मी दचकून मागे पाहिलं, की कोण बोललं. पण बोलले, आणि जिंकले.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. घरी माणसांची रीघ लागली होती. कामठीचे तुझे मागावरचे जोडीदार आले, खापरखेड्याच्या वसाहतीतली भजनी मंडळी आली, ज्यांच्या लग्नात तू गायलास ती जोडपी आता नातवंडं घेऊन आली. सगळे पेटीला हात लावून पाया पडायचे. वहिनीने पेटीवर तिची निळी चादर टाकली आहे. मी वहिनीच्या मागे बसून राहायचे आणि येईल त्याला चहा द्यायचे. रडू मला त्या गर्दीत आलं नाही. ते चार वाजता यायचं. तुझा चहा झाला की तू पेटी उघडून उगीच दोन सूर दाबून बघायचास, त्या वेळेला गल्ली इतकी गप्प व्हायची की मी मोरीत जाऊन नळ सोडायची.

आणि रागही यायचा. भांडण अर्धवट टाकून गेलास म्हणून.

आपलं भांडण एकाच शब्दाचं होतं. तुला ते माहीत आहे आणि मला. वहिनीला निम्मं माहीत होतं. पण मी आज सगळं नीट, पहिल्यापासून लिहिणार आहे, कारण त्यातली एक गोष्ट तुलाही माहीत नव्हती.

तुला पेटीवर बोटं असल्याशिवाय एक शब्द सुचत नसे. आणि बोटं पेटीवर असली की लिहिणार कोण? वहिनीला लिहिता येत नव्हतं. मग तू दारातून ओरडायचास, "कमेऽ, वही!" लग्न होऊन मी तीनच घरं पलीकडे गेले होते, त्यामुळे माझी सुटका झाली नाही. भाकरीच्या पिठाचे हात पदराला पुसत मी यायची, तुझ्यासमोर पाटावर बसायची आणि तू सांगशील ते लिहून घ्यायची. चौथीनंतर माझी शाळा सुटली. लिहिणं मी तुझ्या गाण्यांवर शिकले.

आणि माझं सगळं घोडं त्या एका अक्षरावर अडायचं. आपल्या घरात 'ळ' कुणाच्या तोंडात नव्हताच. डोळ्याला आपण डोया म्हणतो, शाळेला शाया, सकाळी म्हणजे सकायी. माझं शाळेतलं नाव कमळ आणि घरातलं कमय. पहिलीत गुरुजींनी पाटीवर कमळाचं चित्र काढून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "मी." अख्खा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी चारचौघांत तोंड उघडणं सोडलं, असं माय सांगायची.

तू मला युक्ती शिकवलीस. "जिथं तोंडात य आला, तिथं कलम थांबव. घडीभर इचार कर, हा खराच य हाये का ळ हाये." मी विचार करायला लागले आणि जास्तच बिघडलं. मी 'काय झालं' च्या जागी 'काळ झालं' लिहायची. 'दुधावरची साळ' लिहायची. एका गाण्यात तुझ्या दारातल्या गाईची मी गाळ करून टाकली. तू वही हातात घेऊन वहिनीला हाक मारलीस, "ऐकलं का वं, कमयच्या राज्यात गाळ दूध देते!" वहिनी चुलीपुढून म्हणाली, "मग चहाबी तसाच व्हईन. प्या आता."

गाणं पहिल्यांदा गाऊन झालं की तू लाल रिफिलने माझ्या चुका दुरुस्त करायचास. य खोडून ळ, ळ खोडून य. रागावला नाहीस कधी. वहीची पानं अशी दिसायची, जशी कुणी त्यावर कुंकू सांडलं.

आता त्या गाण्याचं.

तू घामावर गाणं बांधत होतास. मागावर उभं राहून गळ्यावर घाम जमतो, त्याचे थेंब मण्यांसारखे दिसतात, ते मणी म्हणजेच कामगाराचा दागिना, असं ते होतं. मी पाटावर, तू पेटीवर. तू सांगत गेलास, मी लिहीत गेले.

मागापाशी उभा राहून घाम ओघळला,
थेंबाथेंबाचा मणी झाला, गळा माझा सजला.

आणि मग त्याचं धृपद. तू आपल्या बोलीत सांगितलंस, "हार नोको, तुरा नोको, शाल नोको मले, गयात माह्या माय हाये, पुरते तेवढी मले." मी लिहिलं. तू संध्याकाळच्या कार्यक्रमाला वही तशीच काखेत मारून गेलास.

मी बायकांत बसले होते. तू नवं गाणं वहीत बघून गात होतास. धृपदाला आलास आणि पेटीचा सूर एका जागी धरून ठेवलास. ढोलकीवाला तुझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता. मला वाटलं, तुला ठसका लागला. मग तू गायलास.

हार नको, तुरा नको, शाल नको मले,
गळ्यात माझ्या माय आहे, पुरते तेवढी मले.

दुसऱ्यांदा तीच ओळ घेतलीस. तिसऱ्यांदा घेतलीस तेव्हा तुझ्याआधी बायकांनी घेतली. माझ्या शेजारच्या म्हातारीने पदर डोळ्याला लावला आणि मला कोपर मारून म्हणाली, "कोणाची माय वं ही? माहीच आठवली मले."

घरी आल्यावर तू मला बोलावलंस. त्या शब्दाखाली बोट ठेवलंस.

"हे काय लिवलं?"

"माय."

"मी काय सांगितलं होतं?"

"माय."

"अवं ते माय नाही! गयात घालते ते माय!"

"माय कोणी गयात घालते का गा?"

"फुलाची माय! मण्याची माय! ते माय!"

"मग तसं सांगायचं ना. तूबी माय म्हणतं, मीबी माय लिवली. माहं काय चुकलं?"

वहिनी हातातली परात ठेवून भिंतीला टेकून हसत होती. "दोघं भाऊबहीण सकायपासून माय माय करून राहिले आन् भांडण कायचं हाये ते कोणालेच समजून नाही राहिलं." तूही हसलास. किती वेळ हसत होतास. मग हसता हसता तू वही पुन्हा जवळ ओढलीस, आणि ते मी विसरणार नाही. माय जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ती सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळायची आणि वळता वळता गायची. तुझा आवाज तिचाच. तू सगळ्यांवर गाणी केलीस. मागावर केलीस, नदीवर केलीस, बाबासाहेबांवर तर किती केलीस. मायवर तुला एक ओळ जमली नव्हती. बसायचास, पेटी उघडायचास, परत मिटायचास.

तू म्हणालास, "सहा वर्षं मी तिले शोधून राहिलो. आन् तू चुकून आणून बसवली, तेबी माह्या गयातच."

तेव्हापासून तुझा हट्ट सुरू झाला. लोकांना सांगायचं, ही ओळ माझ्या बहिणीची आहे. मी म्हटलं, नाही. तू म्हणालास, काहून? मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. मी तुला मायची शपथ घातली. तरी तू स्टेजवर खोडी काढायचासच. त्या गाण्याआधी पेटीवर हात ठेवून म्हणायचास, "या ओयीची एक गोष्ट हाये..." मी बायकांतून डोळे वटारायची. मग तू म्हणायचास, "...पण ते सांगाची मनाई हाये." लोक शिट्ट्या मारायचे. त्यांना वाटायचं, शाहिराची जुनी भानगड असावी. एकदा एका बाईने वहिनीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "कोण होती वं ते?" वहिनी म्हणाली, "हाये अजून. तीन घरं सोडून राह्यते. रोज चहा प्यायले येते."

दवाखान्यातही तू तेच काढलंस. दम पुरत नव्हता तुला. कापसाचं तूस वर्षानुवर्षं छातीत गेलेलं, डॉक्टरही काय करणार. दुपारची वेळ होती, मी मोसंबी सोलत होते. तू म्हणालास, "कमे, आता तरी सांगू दे ना वं."

मी म्हटलं, "पह्यले बरा हो. मंग सांग."

"आन् नाही झालो तर?"

"तर मंग नोको सांगू."

तू हसलास आणि खोकलास. मी मोसंबीची फोड तुझ्या तोंडाला लावली, म्हणजे तुला पुढे बोलता येऊ नये. तुझं माझं शेवटचं बोलणं तेवढंच. 'हो' म्हणायला मला काय झालं होतं, हे मी या अठरा दिवसांत रोज स्वतःला विचारलं.

आता रविवारचं.

तुझ्या गाण्यांचं पुस्तक करणारे कॉलेजचे सर, तेच, साताऱ्याकडचे, तू ज्यांना 'ओ साहेब, जरा आमच्या तिखट तर्रीनं घाम काढा' म्हणायचास, त्यांनीच विहारात दुपारी सभा ठेवली होती. माणूस चांगला आहे. दोन वर्षं गल्लोगल्ली फिरून त्यांनी गाणी गोळा केली, तुझ्या वह्यांच्या पानापानाचे मोबाईलवर फोटो काढले. पुस्तक छपाईला जाण्याआधीची शेवटची पानं ते सोबत घेऊन आले होते. म्हणाले, शाहिरांना पुस्तक हातात देता आलं नाही, निदान त्यांच्या माणसांना वाचून दाखवतो.

वाचता वाचता ते गाणं आलं. त्यांनी वाचलं, "गळ्यात माझ्या माळ आहे, पुरते तेवढी मले."

सभेत कुजबुज झाली. मागून ढोलकीवाले काका म्हणाले, "सर, माय. माळ नाही, माय."

सरांनी चष्मा काढला आणि समजावून सांगितलं. वरच्या ओळीत घामाचे मणी आहेत. मण्यांची माळच होणार. इकडे ळ चा उच्चार य होतो, त्यामुळे लिहून घेणाऱ्याने माळ ऐवजी माय लिहिलं. मूळ शब्द माळच. पुस्तकात कवीचा शब्द यायला हवा, अल्पशिक्षित लेखनिकाची चूक नको.

दादा, ते खरं बोलत होते. एकही शब्द खोटा नव्हता. न सांगता त्यांनी ते ओळखलं होतं, आणि ज्याने त्यांना थांबवलं असतं तो चादरीखालच्या पेटीसारखा गप्प झाला होता. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे सरांकडे बघून माना हलवत होते. शिकलेल्या माणसाने पटवून दिल्यावर काय बोलणार? मला दिसलं, की हे पुस्तक छापलं जाईल, शाळेत जाईल, आणि आपली माय सगळ्यांच्या गळ्यातून कायमची काढून घेतली जाईल. तिच्या जागी मणी येतील.

मी उठले. वहिनीने माझा पदर ओढला, "कुठी चालली वं?" मी सांगितलंच नाही. मला वाटतं मला स्वतःलाच माहीत नव्हतं. कुणीतरी माईक माझ्या तोंडाजवळ आणला.

मी म्हटलं, "लिवून घेणारी मीच हावो."

सर एकदम उभे राहिले. बिचारे हात जोडायला लागले, माफ करा, मला कल्पना नव्हती म्हणाले. मी म्हटलं, "माफी नोको, सर. तुमच्या मोबाईलमंधी त्या पानाचा फोटो हाये ना? पाह्यता का जरा?"

त्यांनी मोबाईलवर तो फोटो उघडला.

"लाल अक्षरं दिसून राहिली का?"

"हो. शाहिरांच्या दुरुस्त्या आहेत."

"तेच ओय पाह्या. मी 'गयात' लिवलं होतं. त्यानं लाल शाईनं या खोडून ळ्या केला. दिसलं?"

सरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "दिसलं."

"त्याच्या पुढचाच शब्द माय हाये. मधात एक 'माझ्या' हाये फक्त. त्याची रिफिल त्याच ओयीत होती, सर. गयात सुधरवला आन् माय सोडली. त्याले दिसली नसन का?"

सरांनी फोटो बोटाने सरकवून ते दोन्ही शब्द पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "बाई, तुमचं खरं आहे. त्यांनी शब्द स्वीकारला. मी माय छापतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर पुढे म्हणाले, "खाली टीप देतो, की लिहिण्याच्या चुकीतून हा शब्द आला आणि कवीने तो ठेवला."

इथे मी खाली बसू शकले असते. जिंकले होते. तुला हवं होतं तेही झालं होतं, सगळ्यांना कळलं होतं. पण टीप छापली जाणार होती आणि ती खोटी होती.

दादा, आता ती गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही.

त्या दिवशी तू "माय" म्हणालास तेव्हा माझी कलम थांबली होती. तूच शिकवलेली युक्ती. घडीभर विचार कर, य का ळ. मी विचार केला. वर मणी आहेत, हे मलाही दिसत होतं. माळ आहे, हे मला समजलं होतं. तू समोर होतास, विचारता आलं असतं. तू डोळे मिटून भाता हलवत होतास आणि मान एका बाजूला टाकली होतीस, अगदी माय सूप मांडीवर घेऊन टाकायची तशी. मी विचारलं नाही. मी माय लिहिलं. मला ती तिथे हवी होती.

म्हणून मी तुला शपथ घातली. तुला वाटलं मला चुकीची लाज वाटते. मला चुकीची लाज कधीच वाटली नाही, माझ्या चुकांनी तर वह्या लाल झाल्या होत्या. तू स्टेजवरून 'बहिणीच्या चुकीने' असं म्हणाला असतास, आणि मला खाली मान घालून ते ऐकावं लागलं असतं. आणि खरं सांगावं, तर एका शाहिराच्या गाण्यात चौथी शिकलेल्या बाईने आपला शब्द घुसवला, हे म्हणण्याची माझी छाती नव्हती.

रविवारी झाली. कशी झाली ते मला विचारू नकोस.

मी माईक सोडला नाही. म्हटलं, "सर, टीप नोका देऊ. चूक नोहोती."

"म्हणजे?"

मी ळ वर जीभ मुद्दाम वळवली. "मले समजलं होतं माळ हाये म्हणून. मी जाणून लिवलं."

पहिला आवाज आला तो वहिनीचा. ती जागेवरूनच ओरडली, "अवं बाप्पा! इतके वर्षं माह्या घरी चहा पेली आन् मलेबी नाही सांगितलं वं!" सगळे हसले. हसता हसता बायकांतून कुणीतरी धृपद उचललं. पेटी नव्हती, ढोलकी नव्हती. ढोलकीवाल्या काकांनी खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला. सगळ्या सभेने गायलं, आणि 'माय' वर आले की सगळे आवाज चढायचे, जसे काही सरांना ऐकवत होते. सरही गात होते. त्यांचा सूर लागत नाही, तुला माहीतच आहे.

नंतर सर ती छापायची पानं घेऊन माझ्याजवळ आले. त्यांनी 'माळ' वर काट मारली आणि पेन माझ्या हातात दिलं. मी बाजूला लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

आता तू रागव. तुझं गाणं होतं, मी त्यात हात घातला, आणि तुला इतकी वर्षं 'चुकून, चुकून' म्हणत हसू दिलं. तुला रागवायचा हक्क आहे. पण मला नाही वाटत तू रागावशील. मला वाटतं, तू वहिनीला हाक मारशील, "ऐकलं का वं?" आणि मग त्या जागी पेटीचा सूर धरून ठेवशील, जसा त्या संध्याकाळी धरला होतास.

मला आता एकच प्रश्न राहिला आहे, आणि त्याचं उत्तर मला कुणी देणार नाही. त्या संध्याकाळी स्टेजवर, वहीत बघून, तू घडीभर थांबलास. तेव्हा तुला कळलं होतं का, की मी जाणून लिहिलं? लाल रिफिल हातात घेऊन तू त्या ओळीवरून गेलास, एक अक्षर सुधारलंस आणि एक सोडलंस, तेव्हा तरी कळलं होतं का? कळूनच तू माझं 'चुकून' सांभाळत होतास, आणि मी तुझं?

असेल तर दादा, आपण दोघांनी मिळून तिला तिथे बसवली. आता कुणाच्या बापाला उठवता यायची नाही.